वाटेतला देश

१९३२ च्या ऑक्टोबरात दहा दिवसांच्या अंतराने दोन विमानं उतरली आणि भारताच्या हवाई नकाशात दोन नावं आली. ५ ऑक्टोबरला इम्पीरियल एअरवेजचं ‘हॅनो’ हे चार इंजिनांचं विमान शारजाच्या वाळूत आखलेल्या धावपट्टीवर उतरलं. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर पोहोचले. लंडनचं टपाल कराचीपर्यंत इम्पीरियलने आणायचं आणि तिथून मुंबई-मद्रासकडे टाटांनी न्यायचं, अशी ती साखळी होती.

पण शारजाच का? तोवर इम्पीरियलची विमानं आखाताच्या उत्तर किनाऱ्याने, म्हणजे पर्शियाच्या बुशहर, लिंगे आणि जास्क या ठाण्यांवरून येत. पर्शिया सरकारने ती परवानगी पुढे चालू ठेवायला नकार दिला. इंजिनं तीच, अंतरही साधारण तेच, पण खालची जमीन बंद झाली. मग इंग्रजांनी समोरच्या अरब किनाऱ्यावर जागा शोधली. जुलै १९३२ मध्ये शारजाचे शासक शेख सुलतान बिन सक्र अल कासिमी यांच्याशी करार झाला. विमान रात्री पुढे जात नसे, म्हणून प्रवाशांच्या मुक्कामासाठी तटबंदीचं विश्रामगृह बांधलं गेलं. ते ‘अल महत्ता’ आज संग्रहालय आहे आणि तिथली जुनी धावपट्टी शहरातला वाहता रस्ता झाली आहे.

विमानाची वाट वाऱ्यापेक्षा आणि अंतरापेक्षा परवानगीने ठरते, हे तेव्हापासून बदललेलं नाही. बदल झाला तो परवानगी कोणाला लागते यात. आज विमान कंपन्यांचे करार झालेले असतात. अडतो तो प्रवासी. त्याच्या हातात जायच्या देशाचा व्हिसा असतो, तिकीट असतं, बॅगा भरलेल्या असतात आणि मुंबईच्या काउंटरवर त्याला कळतं की वाटेतल्या देशाचाही व्हिसा हवा होता. हे प्रकरण त्या वाटेतल्या देशाबद्दल आहे.

दुबई मध्ये कशी आली

एमिरेट्सने २५ ऑक्टोबर १९८५ रोजी उड्डाणं सुरू केली तेव्हा पहिल्याच दिवसाच्या गावांत कराची आणि मुंबई होती. विमानं पाकिस्तानच्या पीआयए कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती. २०२४ मध्ये दुबई विमानतळावरून ९ कोटी २३ लाख प्रवाशांनी ये-जा केली. यांतल्या मोठ्या हिश्शाला दुबईत काहीच काम नव्हतं. ते मुंबईहून मँचेस्टरला, कोचीहून ह्यूस्टनला, ढाक्याहून रोमला चालले होते.

याला कायद्याचा आधार आहे. १९४४ च्या शिकागो परिषदेपासून हवाई वाहतुकीचे हक्क ‘स्वातंत्र्यं’ म्हणून मोजले जातात. एका परक्या देशातून प्रवासी उचलायचा, आपल्या देशात आणायचा आणि तिथून दुसऱ्या परक्या देशात सोडायचा, हे सहावं स्वातंत्र्य. दुबई आणि अबू धाबीचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. भारत सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणून भारत-दुबई मार्गावर प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनांची मर्यादा आहे आणि ती वाढवण्याची मागणी दुबई सतत करत असते.

भूगोल सोयीचा आहेच. मुंबई-दुबई जेमतेम तीन तासांचा प्रवास, पुढे युरोप सहा-सात तासांवर. पण भारतीय प्रवाशासाठी याहून मोठी सोय कागदाची आहे. विमानतळाबाहेर न पडता दुबई, अबू धाबी किंवा शारजात विमान बदलायला भारतीय पासपोर्टधारकाला व्हिसा लागत नाही. दोहा आणि इस्तंबूललाही लागत नाही. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. बाकीच्या जगाचे नियम पाहिले की त्याची किंमत कळते.

थांबा तीन प्रकारचा

विमान बदलण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिकिटावर तिघांसाठी एकच शब्द छापलेला असतो: ‘ट्रान्झिट’.

पहिल्या प्रकारात तुम्ही इमिग्रेशनच्या अलीकडेच राहता. विमानातून उतरायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी करायची, दुसऱ्या गेटवर जायचं. बॅग आपोआप पुढच्या विमानात चढते. कागदोपत्री तुम्ही त्या देशात गेलेलेच नसता.

दुसऱ्या प्रकारात इमिग्रेशन ओलांडावंच लागतं. बॅग पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यायची असेल, विमानतळ बदलायचा असेल, रात्री हॉटेलात जायचं असेल, तर तुम्ही त्या देशात प्रवेश करत आहात. प्रवेश आला की व्हिसा आला.

तिसरा प्रकार नकाशा बघून कधीच लक्षात येत नाही. काही देशांत आंतरराष्ट्रीय प्रवाशासाठी ‘इमिग्रेशनच्या अलीकडे थांबणं’ हा पर्यायच ठेवलेला नाही. अमेरिका हा त्यातला सर्वांत मोठा देश. पूर्वी अमेरिकेत काही अटींवर व्हिसाविना विमान बदलता येत असे. ऑगस्ट २००३ मध्ये सुरक्षेचं कारण देऊन ती योजना थांबवली गेली. आता मेक्सिको, पनामा किंवा पेरूला जाताना अमेरिकेत दोन तास थांबायचं असलं तरी पूर्ण इमिग्रेशन करावं लागतं, बॅग उचलावी लागते आणि पासपोर्टवर सी-१ हा ट्रान्झिट व्हिसा किंवा नेहमीचा पर्यटक व्हिसा लागतो. कॅनडाही भारतीयांकडून ट्रान्झिट व्हिसा मागतो. तो मोफत आहे, पण अर्ज, बोटांचे ठसे आणि वाट पाहणं यांतून सुटका नाही.

ब्रिटनने मधला मार्ग काढला आहे. हीथ्रोवर इमिग्रेशन न ओलांडता विमान बदलायलाही भारतीयाला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा जवळ असेल, तर काही अटींवर त्यातून सूट मिळते. हीथ्रोला उतरून गॅटविकहून उडायचं असेल, तर तो प्रवेशच झाला आणि त्याचे नियम वेगळे.

शेंगेनचा वाडा

युरोपचं गणित अनेकांना चकवतं. शेंगेन देश म्हणजे आत अनेक बिऱ्हाडं असलेला एकच वाडा. दिंडी दरवाजा एकदाच ओलांडायचा. आत आल्यावर या खोलीतून त्या खोलीत जायला कोणी विचारत नाही. म्हणून मुंबई–फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क आणि मुंबई–फ्रँकफर्ट–लिस्बन–न्यूयॉर्क हे दोन प्रवास कागदाच्या दृष्टीने अगदी निराळे आहेत. पहिल्यात तुम्ही दरवाजाबाहेरच राहता. दुसऱ्यात फ्रँकफर्ट ते लिस्बन हे वाड्याच्या आतलं चालणं आहे. तुम्ही फ्रँकफर्टलाच युरोपात शिरता आणि त्यासाठी पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. तिकीट शोधणारी संकेतस्थळं कधीकधी दुसरा मार्ग स्वस्त दाखवतात. हा फरक ती क्वचितच सांगतात.

दरवाजाबाहेर थांबण्याचेही नियम आहेत. शेंगेन देशांनी मिळून बारा देशांची एक यादी केली आहे. त्यांच्या नागरिकांना कुठल्याही शेंगेन विमानतळावर नुसतं विमान बदलायलाही ‘एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा’ लागतो. अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका या यादीत आहेत. भारत नाही. पण प्रत्येक देशाला आपली पुरवणी यादी ठेवता येते आणि जर्मनी व फ्रान्सने भारताला वर्षानुवर्षं त्या पुरवणीत ठेवलं. म्हणून ॲमस्टरडॅमला जमतं ते फ्रँकफर्टला अडतं, असं चित्र तयार झालं. जानेवारी २०२६ मध्ये चान्सेलर फ्रीडरिश मेर्झ यांच्या भारतभेटीत जर्मनीने भारतीयांना व्हिसाविना ट्रान्झिट देण्याची घोषणा केली. अशा घोषणांचं स्वागत करावं, पण तिकीट काढायचं ते अंमलबजावणीची तारीख पाहून.

यात सवलतीही आहेत आणि त्या महत्त्वाच्या आहेत. अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा वैध व्हिसा असलेल्याला युरोपच्या या ट्रान्झिट व्हिसातून सूट मिळते. म्हणूनच मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेल्या आजी-आजोबांना फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला सहसा काही अडचण येत नाही. त्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असतो.

अडचण येते ती त्यांच्या जावयाला. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या श्रेणीत काम करणाऱ्या अनेकांच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असतो. राहण्याची आणि नोकरीची परवानगी आय-७९७ या कागदावर चालू असते. अमेरिकेत राहायला ते पुरेसं आहे. पण भारतात सुट्टीवर येताना लंडन किंवा फ्रँकफर्टच्या वाटेवर तो कागद व्हिसा म्हणून धरला जात नाही. पुण्याच्या आणि हैदराबादच्या आयटी मंडळींत दुबई, अबू धाबी, दोहा या वाटा लोकप्रिय होण्यामागे स्वस्त भाडं आणि गरम जेवण हे जितकं कारण आहे, तितकंच हेही आहे.

फुजैराहून निघालेलं विमान

नुसतं विमान बदलणाऱ्या माणसाकडे देश व्हिसा मागतात तरी कशाला? याचं उत्तर संयुक्त अरब अमिरातींतूनच निघालेल्या एका विमानाने दिलं.

२१ डिसेंबर २०२३ रोजी फुजैराहून लेजंड एअरलाइन्स या रुमानियन कंपनीचं भाड्याने घेतलेलं एअरबस ए३४० विमान मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाकडे निघालं. आत ३०३ प्रवासी होते, बहुतेक भारतीय. इंधन भरण्यासाठी ते फ्रान्समधल्या वात्री या छोट्या विमानतळावर उतरलं. मानवी तस्करीची निनावी खबर आधीच पोहोचली होती. फ्रेंच पोलिसांनी विमान रोखलं, विमानतळाची इमारत तात्पुरती छावणी झाली. तिथेच न्यायाधीशांसमोर सुनावण्या झाल्या. प्रवाशांत एकट्याने निघालेली अल्पवयीन मुलंही होती. काहींनी फ्रान्समध्ये आश्रय मागितला. अखेर २६ डिसेंबरच्या पहाटे २७६ जण मुंबईत परतले. फ्रान्सला यांतल्या कोणालाच जायचं नव्हतं. निकाराग्वात तेव्हा भारतीयांना सहज प्रवेश मिळत होता, तिथून उत्तरेकडे मेक्सिकोमार्गे अमेरिकेची सीमा गाठता येते, हा त्या प्रवासामागचा संशय होता.

वाटेतल्या देशाला भीती असते ती हीच. ट्रान्झिट हॉलमध्ये उतरलेला माणूस पुढच्या विमानात न चढता आश्रय मागतो किंवा कागद नष्ट करतो. मग त्याची जबाबदारी त्या देशावर येते. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्राझीलनेही साओ पावलोच्या ग्वारुलोस विमानतळाबाबत याच भीतीपोटी एक निर्णय घेतला. व्हिसा नसलेल्या ट्रान्झिट प्रवाशांनी ठरलेल्या पुढच्या गावी जायचं किंवा माघारी फिरायचं. तिथे आश्रय मागणाऱ्यांत आशियाई प्रवाशांची संख्या वाढली होती आणि त्यांत भारतीयही होते.

या भीतीचा भार विमान कंपन्यांवर टाकलेला असतो. चुकीच्या कागदांचा प्रवासी आणला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परत नेण्याचा खर्चही सोसावा लागतो. म्हणून निर्णय फ्रँकफर्टच्या अधिकाऱ्याआधी मुंबईच्या काउंटरवरची मुलगी घेते. तिच्या पडद्यावर ‘टिमॅटिक’ ही सगळ्या देशांच्या नियमांची यंत्रणा असते. तुमचा पासपोर्ट, व्हिसा आणि प्रत्येक थांबा टाकला की ती ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगते. ‘नाही’ आलं तर बोर्डिंग पास निघत नाही. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण नियम तिचा नाही आणि दंड मात्र तिच्या कंपनीला आहे.

सोप्या व्हिसाचा अवघड रस्ता

इथे एक उलटा न्याय दिसतो. जायच्या देशाचा व्हिसा जितका अवघड, तितकी वाट सोपी. अमेरिकेचा व्हिसा मिळवलेल्या माणसाला लंडन, पॅरिस इथल्या सवलती आपोआप खुल्या होतात. ज्याला व्हिसाविना किंवा इ-व्हिसावर प्रवेश देणाऱ्या देशात जायचं आहे, त्याच्या पासपोर्टवर दाखवायला काहीच नसतं. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडे निघालेल्या भारतीयांना हे सगळ्यात जास्त जाणवतं.

कोलंबियाची राजधानी बोगोटा हे त्याचं स्वच्छ उदाहरण. एमिरेट्सने जून २०२४ मध्ये दुबई-बोगोटा सेवा सुरू केली. एकच कंपनी, एकच उड्डाण क्रमांक. मुंबईहून निघणाऱ्याला वाटेल, दुबईला एकदा विमान बदललं की झालं. पण हे विमान वाटेत मायामीला उतरतं. मायामी अमेरिकेत आहे, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा नसलेल्याला ही वाट बंद. त्यापेक्षा दुबई-साओ पावलो हे विनाथांबा उड्डाण २००७ पासून चालू आहे. ते घेऊन पुढे दक्षिण अमेरिकन कंपनीने जाता येतं, फक्त दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. इस्तंबूलमार्गे तुर्की विमानसेवाही बोगोटाला जाते. एमिरेट्सचं मेक्सिको सिटीचं विमान बार्सिलोनाला थांबतं, तेव्हा तिथे स्पेनचा नियम तपासावा लागतो.

तिकिटावरच्या ‘थेट’ या शब्दावर म्हणूनच विसंबू नये. एमिरेट्सची न्यूयॉर्कची काही उड्डाणं मिलानमार्गे आणि नेवार्कचं विमान अथेन्समार्गे जातं. अमेरिकेचा व्हिसा असलेल्याला तिथे त्रास नाही, पण प्रवास तीन-चार तासांनी लांबतो आणि वाटेत उतरून पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. दुबई-न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाणंही रोज असतात. त्यामुळे तिकीट काढताना ‘थांबे: ०’ असं लिहिलेलं पाहावं.

शारजाला उतरून दुबईला पळणं

सर्वांत जास्त मनस्ताप स्वस्त तिकिटांच्या जोडकामातून होतो. एक कंपनी शारजापर्यंत स्वस्तात नेते, दुसरीचं लंडनचं तिकीट दुबईहून स्वस्त दिसतं. मधलं अंतर टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासाचं. हिशेब जुळतो, पण तो अमिरातीच्या व्हिसाशिवाय जुळत नाही. शारजा, दुबई आणि अबू धाबी या तिन्ही विमानतळांना जोडणारी इमिग्रेशनच्या अलीकडची वाट नाही.

एकाच विमानतळावरही हेच होऊ शकतं. दोन वेगळी तिकिटं असतील आणि दोन्ही कंपन्यांत बॅगा पुढे पाठवण्याचा करार नसेल, तर बॅग दुबईच्या पट्ट्यावर येऊन फिरत राहते. ती घ्यायला बाहेर पडावं लागतं. दुबईचं टर्मिनल २ तर धावपट्टीच्या पलीकडे आहे. फ्लायदुबई आणि एमिरेट्सची २०१७ पासून भागीदारी आहे. त्यांच्या एकत्रित तिकिटावर बॅग शेवटच्या गावापर्यंत जाते आणि टर्मिनल बदलायला विमानतळाची बस असते. भागीदारी नसलेल्या दोन स्वस्त कंपन्यांच्या तिकिटांना ही सोय नाही. दुबईला डीएक्सबी आणि डीडब्ल्यूसी असे दोन विमानतळ आहेत. डीडब्ल्यूसी, म्हणजे अल मक्तूम, शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिकिटावरची तीन अक्षरं वाचायची सवय असावी. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यामुळे हीच काळजी आपल्याकडेही घ्यायला हवी.

दोन तिकिटांचा दुसरा धोका उशिराचा. एका तिकिटावरचं पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते. वेगळ्या तिकिटावर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त ‘न आलेले प्रवासी’ असता.

बाहेर पडायचंच असेल तर अमिराती दार उघडं ठेवतात, फक्त ते आधी ठोठावावं लागतं. ट्रान्झिट व्हिसा दोन प्रकारचा आहे. ४८ तासांचा विनाशुल्क आणि ९६ तासांचा ५० दिरहमचा. तो प्रवासाआधी, सहसा विमान कंपनीमार्फत काढायचा असतो. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयांना, तसंच ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या रहिवाशांना आगमनावर १४ दिवसांचा व्हिसा मिळतो. २०२५ मध्ये ही सवलत सिंगापूर, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाच्या रहिवाशांपर्यंत वाढली. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. सोयीची जोडणीच नसेल आणि थांबा लांबलेला असेल, तर एमिरेट्स काही अटींवर हॉटेल देते. एतिहादची अबू धाबीत मुक्कामाची योजना आहे. तिकीट काढतानाच ती मागावी लागते, उतरल्यावर मागून मिळत नाही.

अबू धाबीतली अमेरिका

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी अबू धाबीचं एक वैशिष्ट्य आहे. जानेवारी २०१४ पासून तिथे अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा विभागाची चौकी आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन, सामानाची तपासणी, अधिकाऱ्याचे प्रश्न, सगळं विमानात बसण्याआधी अबू धाबीतच उरकतं. न्यूयॉर्क, शिकागो किंवा वॉशिंग्टनला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. पुढे डॅलसला किंवा सिअॅटलला जायचं असेल तर बॅग घेऊन पुन्हा देण्याचा खटाटोप वाचतो आणि तिथल्या लांब रांगेमुळे पुढचं विमान चुकण्याची भीती राहत नाही.

तोटा एवढाच की अबू धाबीत वेळ जास्त लागतो. दीड तासाची जोडणी कागदावर चालते, पण रांग लांबली की धावपळ होते. तीन तासांचा थांबा निवांत. इंग्रजीत उत्तरं द्यायला बिचकणाऱ्या आई-वडिलांसाठी इथली जागा बरी. अडचण आलीच तर ते मुंबईपासून तीन तासांवर असतात.

अनारशाची खसखस

व्हिसा लागत नाही म्हणजे कायदा लागत नाही, असं नाही. ट्रान्झिट हॉलमध्येही अमिरातींचा फौजदारी कायदा चालतो. तिथे खसखस बंदी घातलेल्या पदार्थांत मोडते, कारण ती अफूच्या बोंडातून येते. दिवाळीत लेकीसाठी अनारसे, भाजणी, गोडा मसाला बांधून निघालेल्या घराने बॅगेत खसखशीची पुडी किंवा खसखस लावलेला पदार्थ ठेवू नये. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधं तिथे नियंत्रित आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधी घेतलेली परवानगी लागते. हातातल्या पिशवीत लोणच्याची बरणी किंवा तुपाचा डबा असेल तर दुबईच्या दुसऱ्या सुरक्षा तपासणीत तो काढून घेतला जातो, मुंबईत कोणी अडवलं नसलं तरी. असं सामान चेक-इन बॅगेत द्यावं आणि सुटं कधी न ठेवता बंद पाकिटात ठेवावं.

अमिरातीत राहणाऱ्याचा पासपोर्ट

अमिरातींत ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यांत बर दुबई, करामा, शारजा आणि अबू धाबीतली मराठी घरं आहेत. त्यांच्या पाकिटातलं एमिरेट्स आयडी हे रहिवासी ओळखपत्र काही दारं उघडतं. जॉर्जियात आखाती देशांच्या रहिवाशांना व्हिसा लागत नाही. म्हणून ईदच्या सुट्टीत तिबिलिसीची विमानं मराठी बोलण्याने भरलेली असतात. बाकूलाही ते सहज जातात. पण युरोपच्या किंवा ब्रिटनच्या ट्रान्झिट नियमाला दुबईत किती वर्षं राहिलात याच्याशी घेणंदेणं नसतं. तिथे पासपोर्ट भारतीयच मोजला जातो.

विझ एअर अबू धाबीचा अनुभव त्यांना आठवत असेल. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या स्वस्त कंपनीने १ सप्टेंबर २०२५ पासून अबू धाबीतली सेवा थांबवली. ती नुसत्या एका गावाहून दुसऱ्या गावाची तिकिटं विकत असे, जोडणी देत नसे. तिच्या तिकिटावर पुढचा प्रवास स्वतः जोडलेल्यांना दुसरं तिकीट तसंच ठेवून नव्याने मार्ग शोधावा लागला.

निसर्गही हिशेब बिघडवतो. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातींत विक्रमी पाऊस पडला. अल ऐनजवळच्या खतम अल शकला इथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. दुबई विमानतळाच्या धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या, दोन-तीन दिवसांत हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. ट्रान्झिटमध्ये अडकलेल्या, अमिरातीचा व्हिसा नसलेल्या प्रवाशांनी जमिनीवर पथाऱ्या पसरल्या. परीक्षा, लग्न किंवा व्हिसाची मुलाखत अशा ठरलेल्या तारखेला जायचं असेल, तर एक पूर्ण दिवस आधी पोहोचेल असं विमान घ्यावं.

कुठून सुरुवात करावी

बहुतेकजण आधी भाडं बघतात, मग तिकीट काढतात आणि शेवटी कागद तपासतात. क्रम उलटा हवा.

आधी कागद मांडावेत. प्रत्येक प्रवाशाचा पासपोर्ट कोणता, त्यावर कोणते व्हिसा चालू आहेत आणि परतीच्या तारखेला ते चालू असतील का? एकाच घरात बायकोकडे अमेरिकन पासपोर्ट, नवऱ्याकडे भारतीय आणि सासूकडे व्हिसा संपत आलेला, अशी स्थिती असते. कुटुंब एकत्र जाणार असेल, तर वाट सर्वांत कमकुवत पासपोर्टवरून ठरवावी.

मग मार्ग. प्रत्येक थांब्यासाठी विचारावं: इमिग्रेशन ओलांडावं लागेल का? अमेरिकेत उत्तर नेहमी ‘हो’, आणि कॅनडात ट्रान्झिट व्हिसा लागतोच. दोन शेंगेन विमानतळ असतील तर ‘हो’. विमानतळ बदलत असेल, बॅग उचलायची असेल तर ‘हो’; तिकिटं दोन असतील आणि कंपन्यांत बॅगांचा करार नसेल तरी ‘हो’. असं एकही ‘हो’ नसेल तरच नुसत्या ट्रान्झिटचे नियम बघावेत.

त्यानंतर वेळ. वृद्धांसाठी तीन ते चार तासांचा एकच थांबा उत्तम. दीड तास कमी आणि अकरा तास त्रासदायक. व्हीलचेअर तिकिटासोबतच नोंदवावी. परतीचा प्रवास वेगळा तपासावा, कारण जाताना दिवसा मिळालेली जोडणी येताना मध्यरात्रीची असू शकते आणि जाताना चालू असलेला व्हिसा येताना संपलेला असू शकतो.

भाडं सर्वांत शेवटी. चार हजार रुपये वाचवून वाटेतल्या व्हिसासाठी तेवढेच पैसे, एक रजा आणि दोन आठवडे घालवणं हा सौदा फायद्याचा नाही. फरक वीस हजारांचा असेल आणि ट्रान्झिट व्हिसा वेळेत मिळण्यासारखा असेल, तर मात्र तो काढून स्वस्त वाटेने जावं.

नियम दोनदा तपासावा: तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात. पहिल्यांदा त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर, दुसऱ्यांदा विमान कंपनीकडे. दूतावास नियम सांगतो, पण काउंटरवर तो लागू करते ती कंपनी. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर कंपनीकडून इ-मेलवर लेखी उत्तर मागावं आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. एवढं करूनही शंका उरली, तर ती वाट सोडून द्यावी. मुंबईहून पश्चिमेला जायला आज इतक्या वाटा आहेत की संशयाची वाट धरण्याची गरज फार थोड्यांना पडते.